अपघात झाला, तर पहिल्या दिवशी काय करावे?



एरवी मी तुमच्याशी राबाबद्दल, आवणीबद्दल, नागली-वरईच्या बियाण्याबद्दल बोलतो. आजचा विषयही शेतीचाच आहे, पण पिकाचा नाही. पिकाला रोग पडला तर काय फवारावे हे तुम्ही मला विचारता. पण पीक काढणाऱ्या माणसालाच साप चावला, विजेचा झटका बसला, घाटात गाडी उलटली, तर औषधपाण्यानंतर घर कसे उभे राहायचे, हे सहसा कोणी विचारत नाही. आम्हीही आपण होऊन सांगत नाही. ते आज सांगायचे आहे.

सुरुवात एका घडलेल्या गोष्टीने करतो. आपल्या पेठ तालुक्यातलाच एक पाडा. नाव सांगत नाही, त्या घराला पुन्हा दुःख नको. आवणीचे दिवस होते. घरधनीण मुठे उचलत होती, बांधाच्या गवतात पायाला काही चावले. घरच्यांनी तिला आधी भगताकडे नेले. रात्र तशीच गेली आणि पहाटे ती वारली. पाऊस कोसळत होता. नातेवाईक जमले आणि दुपारच्या आत सगळे उरकले. पोलीस पाटलाला कोणी कळवले नाही, दवाखान्याचा एक कागद झाला नाही.

दीड महिन्याने मी त्या पाड्यावर गेलो तेव्हा मला हे कळले. मी घरधन्याला म्हणालो, ‘दादा, सातबारावर तुमचे नाव आहे. तुमच्या बायकोच्या अपघाती मृत्यूबद्दल शासनाचे दोन लाख रुपये मिळू शकत होते. कागद काय आहेत?’ तो म्हणाला, ‘साहेब, कागद कसला? ती गेली हे सगळ्या गावाला माहीत आहे.’ गावाला माहीत होते, पण गावाचे माहीत असणे अर्जाला जोडता येत नाही. तो अर्ज पुढे गेला नाही.

बंधूंनो, त्या पावसाळ्यात त्या पाड्यावर मी आधी तीनदा गेलो होतो. चारसूत्री भातलागवड समजावली होती, बियाण्याच्या पिशव्या वाटल्या होत्या. या योजनेबद्दल मात्र एक शब्द बोललो नव्हतो. त्या माणसाला कागदाचे माहीत नव्हते, हा जितका त्याचा दोष तितकाच माझाही. म्हणून आज ही सगळी माहिती एकत्र सांगतो.

सगळ्याचे सार एकच आहे. नुकसानभरपाई पुढे कोर्टात मिळो की कचेरीत, तिचा पाया पहिल्या दिवशी घातला जातो. अपघात ज्या दिवशी झाला त्या दिवशी तो कोठेतरी लिहिला गेला पाहिजे. लिहिला गेला नाही, तर वर्षभराने कितीही मोठा वकील केला तरी त्याच्या हातात काही नसते.

आधी माणूस, मग कागद

पहिले काम जखमीला दवाखान्यात नेण्याचे. १०८ क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते आणि तिचे पैसे द्यावे लागत नाहीत. पाड्यापर्यंत गाडी येत नसेल तर जखमीला डांबरी रस्त्यापर्यंत आणा आणि तिथे थांबतो म्हणून फोनवर सांगा.

साप चावला असेल तर चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. जखम कापू नका, चोखू नका, दोरीने करकचून बांधू नका. साप मारण्यात वेळ घालवू नका. किती वाजता चावला तेवढे ध्यानात ठेवा. विषावरची लस सरकारी दवाखान्यात मिळते आणि ती जितकी लवकर मिळेल तितका माणूस वाचण्याचा संभव जास्त. भगताचा मान आपण ठेवतो, तो ठेवा. पण आधी दवाखाना, मग बाकी सारे. एका दगडात दोन पक्षी म्हणा हवे तर. दवाखान्यात गेल्याने जीव वाचतो आणि नोंदही होते.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना काय झाले ते स्पष्ट सांगा. ‘पडला’ एवढेच सांगू नका. ‘अमुक ठिकाणी, अमुक वाजता, गाडीने धडक दिली’, ‘तुटलेल्या तारेचा झटका बसला’, ‘फवारणी करताना चक्कर आली’, असे सांगा. डॉक्टर जे पहिल्यांदा लिहितात तेच पुढे दोन-चार वर्षे सगळीकडे वाचले जाते. काही जण भीतीपोटी खोटे सांगतात. गाडीवाला ओळखीचा असतो, त्याला त्रास नको म्हणून ‘झाडावरून पडला’ म्हणतात. मग सहा महिन्यांनी गाडीवाला हात वर करतो, आणि आपणच लिहवून घेतलेले आपल्या आड येते.

रस्त्यावरील अपघाताबाबत आणखी एक गोष्ट. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने योजना लागू केली आहे. मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्याला नेमून दिलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत, पैसे न भरता उपचार मिळतात. दवाखान्यात हे विचारा. आणि रस्त्यात कोणी जखमी दिसला तर पुढे व्हा. मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये म्हणून २०१९ साली मोटार वाहन कायद्यात मुद्दाम तरतूद केलेली आहे.

वर्दी कोणाला द्यायची?

दुसरे काम वर्दी देण्याचे. गावात सर्वांत जवळ पोलीस पाटील असतो. त्याला त्याच दिवशी सांगा. मग पोलीस ठाण्यात माहिती द्या. पहिली खबर, म्हणजे एफआयआर, लिहिली की तिची प्रत खबर देणाऱ्याला फुकट द्यावी लागते, असा कायदा आहे. ती मागून घ्या. लिहिलेले वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा आणि बरोबर असेल तरच सही किंवा अंगठा करा. ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर तीच तक्रार लिहून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते. रजिस्टरने पाठवा आणि पावती ठेवा.

पंचनाम्याच्या वेळी घरचे एक शहाणे माणूस तिथे हजर ठेवा. गाडीचा नंबर, तार कोणत्या खांबावरून तुटली, औषधाच्या बाटलीवरचे नाव, पाहणाऱ्या माणसांची नावे, हे सगळे लिहिले जाते की नाही ते त्याने पाहावे. आता घरोघर मोबाईल आहे. गाडी हलवण्याआधी, तार जोडण्याआधी दोन-चार फोटो काढा.

अपघातात माणूस गेलाच तर शवविच्छेदन करू द्या. आपल्याकडे याला लोक फार भितात. देहाची विटंबना होते असे म्हणतात. ते दुःख मला समजते. पण मरण कशाने आले हे सांगणारा त्याहून पक्का कागद दुसरा नाही. माणूस वाटेतच गेला, तरी तसेच मागे फिरू नका. देह दवाखान्यात न्या.

यवतमाळचा धडा

कागदाचे मोल काय असते, याचे आपल्याच राज्यातले उदाहरण सांगतो. २०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसे दगावली. शासनाने मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली. पण गोष्ट तिथे थांबली नाही. त्या वेळी दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात नोंदी झाल्या होत्या. कोण आजारी पडला, कोणते औषध फवारत होता, हे लिहिले गेले होते. स्वित्झर्लंड देशातल्या ‘पब्लिक आय’ या संस्थेने २०२० साली तेच पोलिसांचे कागद तपासून सांगितले, की एका ठरावीक कीटकनाशकाशी संबंध असलेली ९६ प्रकरणे त्यांत आहेत. ते औषध विकणाऱ्या कंपनीचे मुख्य कार्यालय त्याच देशात, बासेल शहरात आहे. त्याच वर्षी यवतमाळच्या ५१ कुटुंबांनी तिथल्या सरकारी यंत्रणेकडे दाद मागितली. नवरा गमावलेल्या दोन बाया आणि वाचलेला एक शेतकरी यांनी तर बासेलच्या दिवाणी न्यायालयाकडे धाव घेतली. कंपनीने आपली जबाबदारी मान्य केलेली नाही. पण सांगायचा मुद्दा वेगळा आहे. यवतमाळच्या ठाण्यात लिहिलेला कागद सातासमुद्रापार पुरावा म्हणून पुढे ठेवता आला. तो लिहिलाच नसता तर?

आपल्या तालुक्यातली कितीतरी माणसे हंगामात दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या बागांवर जातात. फवारणीचे काम त्यांच्याच वाट्याला येते. फवारणीनंतर मळमळ झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम सुटला, तर बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी घेऊनच दवाखान्यात जा. डॉक्टरला त्यावरून उपचार कळतो आणि नावही कागदावर चढते.

कोणत्या अपघाताला कोणते दार?

आता, अर्ज कुठे करायचा? अपघात कशाने झाला यावर ते अवलंबून आहे.

पहिले दार आमचेच, तालुका कृषी अधिकाऱ्याचे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. एप्रिल २०२३ पासून ती या स्वरूपात आहे. पूर्वी यात विमा कंपनी असे, आता शासन थेट पैसे देते. तुम्ही कोणताही हप्ता भरायचा नाही. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील नाव नसलेली एक व्यक्ती, म्हणजे आई-वडील, नवरा-बायको, मुलगा किंवा अविवाहित मुलगी यांपैकी एक, असे दोघे यात येतात. वय १० ते ७५. अपघाती मृत्यू झाला, किंवा दोन डोळे, दोन अवयव अथवा एक डोळा आणि एक अवयव कायमचा गेला तर २ लाख रुपये. एक डोळा किंवा एक अवयव गेला तर १ लाख रुपये. रस्त्यावरचा अपघात, पाण्यात बुडणे, वीज पडणे, विजेचा झटका, साप-विंचू चावणे, उंचावरून पडणे, फवारणीतली विषबाधा, जनावराचा हल्ला, बाळंतपणातला मृत्यू, हे सगळे यात येते. आजाराने आलेले मरण, आत्महत्या, दारूच्या अमलात झालेला अपघात हे येत नाही.

अर्ज ३० दिवसांच्या आत द्यायचा. सोबत सातबारा, मृत्यूचा दाखला, तलाठ्याकडील गाव नमुना ६-क ची वारसनोंद, वयाचा पुरावा, आणि एफआयआर, पंचनामा किंवा पोलीस पाटलाचा अहवाल. शिवाय अपघाताच्या प्रकाराप्रमाणे दवाखान्याचे कागद. तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील समिती निर्णय देते. मुदत टळली तरी गप्प बसू नका. उशिराचे कारण लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. ज्यांच्याकडे सातबारा नाही पण वनपट्टा आहे, त्यांनी पट्ट्याचे कागद घेऊन आमच्या कार्यालयात यावे.

दुसरे दार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे. कोणत्याही मोटार वाहनाने इजा झाली तर इथे दावा करता येतो. आपल्या जिल्ह्याचे न्यायाधिकरण नाशिकला आहे. गाडीचा विमा असेल तर पैसे विमा कंपनी देते, म्हणून ‘गरिबाच्या गाडीवाल्याला कशाला बुडवायचे’ हा विचार नेहमीच खरा नसतो. दाव्याची मुदत अपघातापासून सहा महिने, अशी दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून झाली आहे. या मुदतीवरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे, तेव्हा मुदत उलटून गेली असेल तरी परस्पर आशा सोडू नका, वकिलाला विचारा. पण सहा महिन्यांच्या आतच जावे हे उत्तम.

आपली माणसे धरमपूर, वापीकडे कामाला जातात. तिकडे गुजरातेत अपघात झाला तरी दावा तिकडेच करावा लागतो असे नाही. जखमी किंवा वारस जिथे राहतात तिथल्या न्यायाधिकरणातही, म्हणजे नाशिकला, दावा करता येतो. तिकडच्या ठाण्यातला एफआयआर आणि दवाखान्याचे कागद मात्र येताना बरोबर आणा.

चूक कोणाची हे सिद्ध न करताही ठरावीक रक्कम मिळते. मृत्यूला ५ लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख. पण ती घेतली की मोठ्या रकमेचा दावा पुढे चालत नाही. कमावता तरुण गेला असेल तर नुकसान याहून कितीतरी जास्त असू शकते. म्हणून सही करण्याआधी विचारून घ्या.

धडक देऊन गाडी पळून गेली, नंबर मिळाला नाही, तर? सावळघाटात, कोटंबीच्या घाटात रात्री असे होते. त्यासाठी वेगळी तरतूद आहे. मृत्यूला २ लाख, गंभीर इजेला ५० हजार. अर्ज महसूल खात्याकडे, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांत यांच्या कचेरीत. इथेही पहिला कागद एफआयआरच.

आता पिकअपबद्दल. ही गोष्ट नीट ऐका. पहाटे पेठहून, करंजाळीहून मजूर भरून पिकअप निघतात. ही मालाची गाडी आहे. मालाच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वीस वर्षांपूर्वीच ठरवून दिले आहे. आपला माल गाडीत आहे आणि आपण मालाबरोबर आहोत, तर गोष्ट वेगळी. नुसते मजूर म्हणून बसलो, तर भरपाई मालकाकडून आणि ड्रायव्हरकडून मागावी लागते, आणि त्यांच्याकडे नसेल तर निकाल हातात घेऊन बसायची वेळ येते. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसणाऱ्याचेही तसेच. भाडे थोडे जास्त पडले तरी बसने, प्रवासी जीपने जा. बागमालकाला प्रवासी गाडी पाठवायला सांगा. दहा जणांनी मिळून सांगितले तर तो ऐकतो.

तिसरे दार विजेचे. वाऱ्या-पावसात तार तुटून पडते आणि माणूस किंवा बैल तिच्यावर जातो. वीज कंपनीचे लोक म्हणतात, ‘वादळ होते, आमचा काय दोष?’ मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात असेच झाले होते. रात्री सायकलवरून घरी निघालेला माणूस रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेवर गेला. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वीज ही धोक्याची वस्तू आहे, तिचा व्यवसाय करणाऱ्याने निष्काळजीपणा केला की नाही हे न पाहताही भरपाई द्यावी लागेल. म्हणून अशा अपघाताची खबर पोलिसांना आणि वीज कंपनीच्या शाखा कार्यालयाला लेखी द्या आणि विद्युत निरीक्षकाकडून चौकशी व्हावी अशी मागणी करा. आपणच आकडा टाकला असेल किंवा कुंपणात वीज सोडली असेल, तर मात्र हे बोलणे लागू नाही.

चौथे दार वनखात्याचे. बिबट्याने किंवा रानडुकराने हल्ला केला तर त्याच दिवशी वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास मिळणारी मदत २०२३ साली २५ लाख रुपये करण्यात आली. जखमींनाही मदत आहे.

पाचवे दार मालकाचे. कामावर असताना इजा झाली तर मजुराला मालकाने भरपाई द्यावी, हा कायदा १९२३ सालापासूनचा. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. ट्रॅक्टर, मळणीयंत्र अशा यंत्राने चालणाऱ्या शेतीकामातला मजूर यात येत आला आहे. कोणाकडे, किती दिवस, काय रोजाने काम केले, हे वहीत लिहून ठेवण्याची सवय लावा.

वकील कुठला आणायचा?

तुम्ही म्हणाल, साहेब, हे सगळे खरे, पण वकिलाला पैसे कुठून आणायचे? बंधूंनो, याचे उत्तर पेठच्या लोकांच्या फायद्याचे आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. उत्पन्न किती हे पाहिले जात नाही. कोणत्याही जातीच्या स्त्रीला, बालकाला, अपंगालाही मिळतो. आपला तालुका आदिवासी. कोकणा, महादेव कोळी, वारली, बहुतेक घरे यात बसतात. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. जातीचा दाखला, आधार कार्ड आणि अपघाताचे कागद घेऊन साधा अर्ज करायचा. जाणे जमत नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करून विचारायचे. ही कोणाची मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे.

दवाखान्याच्या दारात दलाल भेटतात. ‘तुम्ही फक्त अंगठा द्या, बाकी आम्ही बघतो, मिळाले की निम्मे-निम्मे.’ अशांना कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. मूळ कागद हातचे सोडू नका, झेरॉक्स द्या. गाडीवाला दुसऱ्या दिवशी येऊन ‘पाच हजार घ्या आणि मिटवून टाका’ म्हणतो, त्यालाही हो म्हणू नका. मोडलेल्या हाडाचा खर्च पाच हजारांत भागतो की नाही हे पहिल्या आठवड्यात कोणालाच कळत नाही. तडजोड करायची तर लोकअदालतीत करा. तिथे झालेली तडजोड कोर्टाच्या हुकुमासारखी असते. मात्र तिच्यावर अपील नाही, म्हणून रक्कम समजून घेऊनच सही करा.

रक्कम कशी ठरते?

जखमी किती कमवत होता, त्याचे वय किती, घरात खाणारी तोंडे किती, इजेमुळे काम किती बुडाले, यावर रक्कम ठरते. म्हणून औषधांची बिले, गाडीभाड्याच्या पावत्या, भात विकल्याच्या पट्ट्या, सगळे एका पिशवीत ठेवा. मजुरीला पावती नसते म्हणून घाबरू नका. बंगळूरच्या एका मजुराच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने पावती नसतानाही त्याने सांगितलेली महिन्याची साडेचार हजारांची कमाई मान्य केली. काम करणाऱ्या माणसाची मजुरी किती असते हे न्यायालयाला कळते.

हातपाय अधू झाला असेल तर जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला घ्या. दाखल्यावर चाळीस टक्के लिहिले म्हणजे नुकसान चाळीस टक्केच असे नाही. कारकुनाचा पाय अधू झाला तर तो खुर्चीवर बसून लिहील. पण उतारावर नांगर धरणाऱ्याचा पाय गेला तर त्याची शेती बसली. काम कोणते होते ते पाहून नुकसान मोजावे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. तुम्ही काय काम करत होता आणि आता काय जमत नाही, हे वकिलाला नीट उलगडून सांगा. घरातल्या बाईचे कामही काम म्हणून धरले जाते, हेही ध्यानात असू द्या.

अपघात होण्याआधीची कामे

आता शेवटचे. ही कामे या आठवड्यातच करण्याजोगी आहेत.

एक, सातबारा पाहा. आजोबा वारून पंधरा वर्षे झाली आणि नाव त्यांचेच, अशी कितीतरी खाती आहेत. वारसनोंद करून घ्या.

दोन, मोटारसायकलचा विमा आणि लायसन चालू ठेवा. आपल्याच गाडीवरून आपणच घसरलो तर दुसऱ्या कोणावर दावा लागत नाही. गाडीमालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मिळतो, पण त्याला लायसन लागते. विमा काढताना तो घेतला आहे ना, एवढे विचारा.

तीन, बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्या. वय १८ ते ७०. वर्षाला २० रुपये, आणि अपघाती मृत्यूला २ लाख. खात्यात मे महिन्याच्या शेवटी २० रुपये शिल्लक असू द्या, नाहीतर विमा तुटतो.

चार, हे सगळे घरच्या बाईला माहीत असू द्या. पुरुषाला अपघात झाला तर कागद तीच शोधणार आहे.

ज्या घराची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, त्या घराला आता मी काही देऊ शकत नाही. पण तो दादा अजून मला भेटतो. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याच पाड्यावर एका पोराला फुरसे चावले. तेव्हा त्याच दादाने शेजाऱ्याची मोटारसायकल काढायला लावली आणि तासाच्या आत पोराला पेठच्या दवाखान्यात पोचवले. पोरगा वाचला. दादाने केसपेपर घडी करून खिशात ठेवला होता. मला दाखवून म्हणाला, ‘साहेब, लागणार नाही म्हणा, पण आहे आपला.’

तसा तो तुमच्याही खिशात असू द्या, आणि लागू नये हीच इच्छा. काही अडले तर तालुका कृषी कार्यालयात या. बाजाराच्या दिवशी आलात तरी चालेल.

नमस्कार.